‘बॅक डाउन’ म्हणजे नुसती माघार नव्हे

शब्दवेडा: ‘इंग्रजीतील बॅक डाउन, बॅक ऑफ, बॅक आउट या तिन्हींचा अर्थ माघार घेणे, उगाच फरक शोधत बसू नये’ हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही. दबावापुढे आपला दावा, मागणी किंवा धमकी सोडून देणे म्हणजे बॅक डाउन, ज्याला आपण नमते घेणे म्हणतो. दिलेला शब्द मोडून अंग काढून घेणे म्हणजे बॅक आउट. ‘बॅक ऑफ!’ असे ओरडणारा तर अंगावर येऊ नका, एवढेच सांगत असतो.

जुना मास्तर: ते वाक्य माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. प्रस्ताव सोडून देण्यासाठी बॅक ऑफ सर्रास वापरतात. असल्या काटेकोरपणापायी एका परीक्षकाने माझ्या ‘बॅक डाउन ऑन’चा गुण कापला होता, म्हणे, ‘फ्रॉम’च हवे. दोन्ही चालतात, हे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. १९६२ मध्ये क्यूबातून आपली क्षेपणास्त्रे हलवणाऱ्या सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना यांपैकी कोणतेही क्रियापद लावा, काय बिघडते?

शंकेखोर: मुळात नमले कोण? तुर्कस्तानातील अमेरिकेची ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढण्याचे अमेरिकी अध्यक्ष केनेडींनीही गुप्तपणे मान्य केले होते. ते झाकून ठेवल्यामुळेच २८ ऑक्टोबरला जगाला एकटे ख्रुश्चेव्ह नमलेले दिसले.

जुना मास्तर: इतिहासाचा तास नको आहे.

शब्दवेडा: उदाहरण तुम्हीच काढलेत, तेव्हा आता ऐका. अमेरिकेच्या नजरेतून ते बॅक डाउन होते. परंतु ज्यांना न विचारताच हा निर्णय झाला, त्या क्यूबाचे नेते कॅस्ट्रो यांनी त्याला बॅक आउट म्हटले असते, तर त्यांना चूक कोण ठरवणार? घटना तीच, पण क्रियापद बदलताच आरोप बदलतो. मी स्वतः एकदा वाटाघाटीत ‘आम्ही थोडे दिवस आग्रह धरत नाही’ एवढेच सांगायचे असताना बॅक आउट लिहून बसलो. समोरच्यांनी करार मोडला असे समजून दुसऱ्याशी बोलणी सुरू केली आणि मला तोंड लपवावे लागले.

जुना मास्तर: म्हणजे तुमच्या एका चुकीची शिक्षा आम्ही सर्वांनी भोगायची! असो, बॅक आउट वेगळे आहे, हे मान्य. उरलेल्या दोघांबद्दल मात्र मी बॅक डाउन करणार नाही.

शंकेखोर: येथे बॅक ऑफ का नाही वापरलेत?