मदत हवी आहे : इतका दूरचा तारा ग्रहाची कक्षा ताणतो कसा?

दोन टाचण्या, दोरा आणि पुठ्ठा घेऊन ग्रहांच्या कक्षा काढत होतो, तिथेच अडकलोय.

आधी पृथ्वीची काढली. उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे याचं माप; ० म्हणजे वर्तुळ) ०.०१६७, म्हणजे ३० सेंमी लांबीला टाचण्यांमध्ये ५ मिमी अंतर. पट्टीने मोजलं तरी वर्तुळच! मग दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा, २००१ साली सापडलेला एचडी ८०६०६ बी हा ग्रह घेतला. उत्केंद्रता ०.९३. टाचण्या थेट २८ सेंमी दूर गेल्या, रुंदी ११ सेंमीवर आली आणि ताऱ्याची टाचणी एका टोकापासून जेमतेम १ सेंमीवर. १११ दिवसांच्या प्रत्येक फेरीत हा ग्रह इतका आत येतो. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीला २००७ मध्ये सहा तासांत त्याचं तापमान सुमारे ८०० केल्विनवरून १५०० वर गेलेलं दिसलं. तेव्हापासून हा ग्रह डोक्यातून जात नाही.

ताऱ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या तबकडीत जन्मलेल्या ग्रहांच्या कक्षा सुरुवातीला जवळपास गोल असतात, हे पटतं. पुढे दोन महाग्रह फार जवळ आले की एक बाहेर फेकला जातो आणि उरलेल्याची कक्षा लांबट होते, हेही कळलं. पण इथे कारण म्हणून जोडीचा तारा एचडी ८०६०७ सांगतात. तो पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारपटीहून लांब आहे! त्याची ओढ ती किती असणार? लिडोव्ह आणि कोझाई या शास्त्रज्ञांनी १९६१-६२ मध्ये मांडलेल्या परिणामाबद्दल वाचलं, पण ‘कल आणि उत्केंद्रतेची अदलाबदल’ याच्यापुढे गाडी सरकत नाही. गणित चालेल, आधी चित्र डोळ्यांसमोर यायला हवं.

प्रतिसाद १
टाचण्या लांब नेताना आकृतीची लांबी ३० सेंमीच ठेवलीत ना? तसंच घडतं. दूरचा तारा कक्षा ताणत नाही, चेपतो. लांबी ऊर्जेवर ठरते, ती तशीच राहते. बदलतो कोनीय संवेग, म्हणजे ग्रहाच्या फिरण्याचा जोर. ओढ क्षीण आहे खरी, पण फेरीमागून फेरी तिचा परिणाम साठत जातो आणि हाताशी लाखो वर्षं असतात. मात्र ग्रहाची आणि जोडीच्या ताऱ्याची अशा दोन्ही कक्षांच्या प्रतलांत सुमारे ३९ अंशांहून जास्त कल हवा. जोडीदाराच्या कक्षेच्या प्रतलाला लंब असलेला संवेगाचा भाग कायम राहतो. म्हणून कल कमी झाला की कक्षा चपटी, वाढला की पुन्हा गोल.

धागाकर्ता
लांबीचं लक्षातच आलं नव्हतं, मनापासून आभार! पण मग ही कक्षा परत गोल का झाली नाही?

प्रतिसाद १
कारण ग्रह ताऱ्याच्या फार जवळून जायला लागला. तिथे भरती-ओहोटीच्या ताणाने तो आतून घुसळला जातो, ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. आता लांबीही घटते आणि कक्षा आकसत गोल होत जाते. ५१ पेगासी बी हा ताऱ्याच्या अगदी जवळचा महाग्रह ४.२ दिवसांच्या गोल कक्षेत फिरतो, तसा हाही कधीतरी फिरेल.