'सगळे स्टंट स्वतः केले' या कौतुकाचं आता पुरे करा

पडद्यामागचा (कोथरूड)

मी अकरा वर्षं कराटे शिकवतोय. गेली सात वर्षं जमेल तसं छोट्या फिल्म आणि वेब मालिकांच्या मारामाऱ्या बसवायलाही जातो. नाच बसवतात तशी मारामारीही 'बसवतात', आमच्यात हाच शब्द आहे. नटाने डुप्लिकेट घेतला नाही, गादी नव्हती, त्याला खरंच लागलं, असल्या गोष्टींचं आपण जे कौतुक करतो ते मला चूक वाटतं. त्याची किंमत पोस्टरवर नाव नसलेली पोरं मोजतात.

मागच्या वर्षी भोसरीत एका बंद वर्कशॉपमध्ये शूटिंग होतं. माझ्याकडे शिकणारा एक मुलगा पोटमाळ्यावरून पाठीवर पडणार होता. उंची नऊ फूट. खाली आम्ही रिकामी खोकी रचली होती. खोकी रचायचीही रीत असते: सगळी एका मापाची, आत हवा राहील अशी, दोरीने एकत्र आवळलेली आणि वर गादी. माणूस पडला की खोकी थराथराने चेपत जातात आणि वेग खातात. पहिला टेक झकास झाला. मग दिग्दर्शक म्हणाला, फ्रेम मोठी करू, खोकी दिसतायत, काढा. पातळ मॅट अंथरून वर माती टाका, म्हणजे गादीशिवाय केलं असं प्रसिद्धीत सांगता येईल. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून होकार दिला. दुसऱ्या टेकला पडताना त्याने हात मागे टेकला आणि मनगट दोन ठिकाणी मोडलं. फिल्ममध्ये शेवटी पहिलाच टेक लागला.

'आर्मर ऑफ गॉड'च्या वेळी युगोस्लाव्हियात जॅकी चॅनचंही असंच झालं होतं. भिंतीवरून झाडाच्या फांदीवर उडी होती. पहिला टेक नीट झाला, पण त्याचं समाधान होईना. दुसऱ्यांदा फांदी मोडली, डोकं दगडावर आपटलं, कवटी फुटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ही गोष्ट आपण शौर्य म्हणून सांगत आलोय. मला त्यात आता फक्त तो पहिला टेक दिसतो.

पडद्यावरची मारामारी मुळात वेगळी विद्या आहे. मूठ तोंडापासून वीतभर लांबून जाते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा खाणाऱ्याच्या खांद्यामागे असतो, म्हणून ते अंतर दिसत नाही. सीन उभा करतो तो ठोसा खाणारा. त्याची मान पाव सेकंद उशिरा वळली की सगळं खोटं. म्हणून या धंद्यात नाचणारी माणसं इतकी चमकली. मिशेल यो बॅले शिकलेली. १९६६ साली दिग्दर्शक किंग हूने 'कम ड्रिंक विथ मी'साठी निवडलेली चेंग पेई-पेईसुद्धा बॅलेवालीच. ब्रूस ली तर १९५८ सालचा हाँगकाँगचा चा-चा नाचातला विजेता. ताल आणि अंतर ज्याला कळतं तो पडद्यावर चांगला लढतो. त्यासाठी कुणाचं हाड मोडावं लागत नाही.

दंडपट्टा

पूर्ण असहमत. तुमच्या विद्यार्थ्याचं वाचून वाईट वाटलं. पण चूक खोकी काढणाऱ्याची आहे, धोका पत्करणाऱ्या कलेची नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे पुण्यात. घरात मर्दानी खेळ आहे. लहानपणी जत्रेत मी जमिनीवर आडवा व्हायचो, पोटावर लिंबू ठेवायचे आणि काका दंडपट्ट्याने त्याचे दोन तुकडे करायचे. पट्टा फिरताना वारा पोटाला लागतो. त्या क्षणी हजार माणसं गप्प होतात. पातं प्लास्टिकचं असतं तर कोण गप्प झालं असतं? प्रेक्षकाच्या अंगाला खरं कळतं. 'आलम आरा'चा नायक होण्याआधी मूकपटांत मास्टर विठ्ठल तलवारबाजीवरच लोकांचे लाडके झाले होते. २००३ साली 'ओंग-बाक' या थाई चित्रपटात टोनी जा केबल आणि कॉम्प्युटरशिवाय उडाला, तेव्हा जगभर लोक खुर्चीत सरळ बसले. त्यांना तुम्ही काय सांगणार, चुकीचं कौतुक करताय म्हणून?

पडद्यामागचा

तुमच्या काकांना माझा नमस्कार. एकच विचारतो. एका जत्रेत लिंबू किती वेळा कापायचे?

शूटिंगमध्ये तेच लिंबू लांबून, जवळून, वरून, तुमच्या चेहऱ्यावरून असं चौदा वेळा कापावं लागतं. मधे दिवा हलतो, फोकस जातो, जेवणाची सुट्टी होते. चौदाव्या वेळी पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि काकांचं मनगट थकलेलं असतं. तुमच्या खेळातला धोका एकदाचा आणि जपलेला असतो. सेटवर तो टेकागणिक वाढत जातो.

फ्रेम_बाय_फ्रेम

लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकले, पोट त्याच्यावरच आहे. धागाकर्त्याशी मी निम्मीच सहमत आहे, आणि उरलेल्या निम्म्यासाठी नीट भांडणार आहे.

नट स्वतः करतो तेव्हा कॅमेरा लांब राहू शकतो. डुप्लिकेट आला की चेहरा लपवायला मला पाठीवर कापावं लागतं, मग हातावर, मग पायावर. मध्यंतरी माझ्याकडे सव्वा मिनिटाची एक मारामारी आली. त्यात शंभराच्या वर कट मारावे लागले, कारण नायकाने एकही लाथ सुरुवातीपासून शेवटपर्यंत मारलेली नव्हती. कोण कुणाला मारतंय हे मलाच कळेना. उलट २०११ चा 'द रेड' बघा. नायक पेंचाक सिलाट ही इंडोनेशियातली युद्धकला शिकलेला, त्यामुळे खोली, दार, भिंत, दोन माणसं हे सगळं एका नजरेत दिसतं.

हाँगकाँगवाल्यांची करामत संकलनाच्या टेबलावर थांबवून थांबवून बघण्यासारखी आहे. ते सबंध मारामारी सहा कॅमेऱ्यांनी घेत बसत नाहीत. तीन-चार घाव घ्यायचे, पुढचा शॉट कुठून लावायचा ते तिथेच ठरवायचं. संकलन डोक्यात झालेलं असतं. ठोसा बसतो तिथे पुढचा शॉट दोन-तीन फ्रेम मागून सुरू करतात, म्हणजे तोच घाव डोळ्याला दोनदा मिळतो आणि जड वाटतो. कपड्यांवर पावडर टाकतात, लागलं की धूर उडतो. सेकंदाला चोवीसऐवजी बावीस फ्रेमने चित्रण केलं की हालचाल किंचित चपळ होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. ही फसवणूक मला मान्य आहे, कारण तिच्याखाली खरी हालचाल आहे. खाली काहीच नसेल तर वरून मी काय करू? 'सुरक्षितता' म्हणून आळस लपवणारे नट मी रोज बघते. तुमचा धागा त्यांच्या हातात कोलीत आहे.

पडद्यामागचा

हा मुद्दा लागला, मान्य करतो. पण नीट बघा, तुम्ही बाजू घेताय तालमीची. माझाही तिच्याशी वाद नाही. १९९९ च्या 'मेट्रिक्स'साठी हाँगकाँगचा मारामारी बसवणारा युएन वू-पिंग याने मुख्य नटांना आधी चार महिने शिकवलं, मग कॅमेरा लागला. आपल्याकडे मला दोन दुपारी मिळतात, त्यातली एक कपड्यांच्या मापात जाते. वेळ देत नाहीत, आणि त्याची भरपाई धोक्याने करतात. 'भाऊ स्वतः करणार' हे ऐकलं की मला कळतं, सराव झालेला नाही.

नारायणपेठी

माझं वय सत्तरीच्या पुढे आहे, म्हणून सांगतो. सत्तरच्या दशकात ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' बघून बाहेर पडलो तेव्हा आम्ही सहा मित्र घरापर्यंत पायी आलो, कुणी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात वाड्यातल्या प्रत्येक मुलाकडे झाडूचे दांडे आणि सायकलची चेन जोडलेलं नानचाकू होतं. आमच्यातले दोघे पुढे कराट्याचे शिक्षक झाले. ते प्रेम एका माणसाच्या शरीरावर होतं. केबलवर लटकलेल्या कुणावर तसं प्रेम बसत नाही.

जॅकी चॅनने चित्रपटाच्या शेवटी फसलेले टेक दाखवले. आपटलेला, रक्ताळलेला, स्ट्रेचरवर नेलेला माणूस. 'पोलीस स्टोरी'त मॉलमधल्या दिव्यांनी गुंडाळलेल्या खांबावरून घसरताना हात भाजले, तेही त्याने लपवलं नाही. मी याला प्रामाणिकपणा म्हणतो. प्रौढ माणूस स्वतःच्या देहाचं काय करतो हा त्याचा हक्क आहे. त्याला शाबासकी द्यायला तुम्ही मला कसं मना करणार?

पडद्यामागचा

काका, जॅकी चॅनला 'नाही' म्हणता येत होतं. तो नट, दिग्दर्शक, मालक सगळं होता. रोजावर आलेल्या फायटरला ते म्हणता येत नाही. त्याने नकार दिला तर बाहेर दहा जण उभे असतात. २०१६ साली बंगळूरजवळ तिप्पगोंडनहळ्ळीच्या जलाशयात हेलिकॉप्टरमधून उड्या मारलेले दोन कन्नड कलाकार बुडाले. २०२५ च्या जुलैत तमिळनाडूत गाडी उलटवण्याच्या दृश्यात एक अनुभवी स्टंट कलाकार गेला. त्यांच्या हक्काबद्दलही बोलू या.

मोठ्या नावांनाही हे सुटलेलं नाही. १९८२ साली 'कुली'च्या वेळी अमिताभ बच्चन यांना जीवघेणी दुखापत झाली ती साध्या हाणामारीत. टायमिंग चुकलं आणि टेबलाचा कोपरा पोटात बसला. तुम्ही म्हणता त्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये बाटली खऱ्या काचेची होती, ब्रूस लीचा हात कापला. साखरेची नकली काच असती तर तुमचं त्याच्यावरचं प्रेम कमी झालं असतं का?

नारायणपेठी

बाटलीचं मला माहीत नव्हतं. नाही, कमी झालं नसतं. रोजावरच्या मुलांबद्दल तुम्ही म्हणता ते मला पटलं. पण फसलेले टेक दाखवण्याबद्दलचं माझं मत कायम आहे. ते लपवले असते तर आज तुम्हाला हा वाद घालायला पुरावा कुठून मिळाला असता?

ध्वनिवेडी

एक वेगळी बाजू. तुम्ही सगळे डोळ्यांचंच बोलताय, ठोसा निम्मा कानात असतो. हाँगकाँगचे जुने चित्रपट बहुतेक मुके चित्रित व्हायचे, आवाज सगळा नंतर. त्यामुळे शॉट चालू असताना मारामारी बसवणारा मास्टर मोठ्याने ताल मोजू शकायचा, अंतर चुकलं तर ओरडून सावध करू शकायचा. आता सेटवर माइक चालू असतो आणि सगळे चिडीचूप. मारामारीचा शॉट मुका घ्या, असं मी प्रत्येक दिग्दर्शकाला सांगते.

आवाज आम्ही खोलीत बसून करतो. माझ्याकडे एक जुना चामडी सोफा आहे. त्यावर ओला टॉवेल दुमडून मारला की बरगडीवरची लाथ मिळते. वर कोबीचा गड्डा मोडल्याचा बारीकसा थर दिला की समोरचे लोक आपोआप पोट आवळतात. त्यात कुणालाही लागलेलं नसतं.

गच्चीवरची_आई

मी फक्त वाचत होते. माझा बारा वर्षांचा मुलगा नटांच्या 'नो डुप्लिकेट' रील बघून सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून खालच्या गच्चीवर उडी मारत होता. शेजारच्या आजींनी पाहिलं म्हणून कळलं. खोकी, दोरी, वीतभर अंतर हे सगळं त्याला आज वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे ते दाखवत का नाहीत?

दंडपट्टा

परवा काकांना फोन केला. आता ऐंशीचे आहेत. तुमचा प्रश्न तसाच विचारला. म्हणाले, एका खेळात एकच लिंबू. पहिलं नीट कापलं गेलं नाही तरी दुसरं ठेवायचं नाही. माणूस झोपवण्याआधी दोन वर्षं ओल्या मातीच्या ढिगावर बटाटा ठेवून कापला होता आणि मातीवर ओरखडा दिसला की त्या दिवशी पट्टा खाली. मी इतकी वर्षं त्यांच्या पट्ट्याखाली झोपलो, मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तरी पातं खरंच होतं. त्यावरून मी हटणार नाही. नुसत्या तालाने ती शांतता येत नाही.

फ्रेम_बाय_फ्रेम

मातीवरचा ओरखडा! हे दृश्य लिंबू कापण्यापेक्षा मोठं आहे. हे चित्रित करा.

कौतुकच करायचं तर बसवणाऱ्याचं करा. राष्ट्रीय पुरस्कारांत ॲक्शनला स्वतंत्र जागा मिळाली ती ६४ व्या पुरस्कारांपासून, पहिला मानकरी 'पुलिमुरुगन'साठी पीटर हेन. ऑस्करने तर आत्ता कुठे जाहीर केलंय: २०२७ च्या चित्रपटांपासून, म्हणजे २०२८ च्या शंभराव्या सोहळ्यात. सगळ्या कलांमध्ये शेवटी यांना बोलावलं.

नारायणपेठी

तुमच्या त्या विद्यार्थ्याचं मनगट कसं आहे?

पडद्यामागचा

प्लास्टर निघालं. मूठ अजून पूर्ण वळत नाही, व्यायाम चालू आहेत. खर्चातला निम्मा निर्मात्याने दिला, तोही मी चार वेळा फोन केल्यावर.

पुढच्या महिन्यात दुसरं काम आहे, जिन्यावरून पडायचं. त्याला घेणार नव्हतो. तोच घरी आला. 'पडणार नाही,' म्हणाला, 'पण खोकी मी रचणार आणि मी सांगितल्याशिवाय ती कुणी उचलणार नाही, हे आधी लिहून घ्या.' घेतलंय लिहून.

दंडपट्टा, त्या कामात एक तलवारीचा सीन आहे आणि या वेळी मी सहा आठवडे मागून घेतलेत. पातं बोथटच असेल, यात मी बदलणार नाही. पण वजन खऱ्याइतकं ठेवतोय. मनगटात ते कसं येतं हे त्या दोघा नटांना दाखवायला याल का?