पान टाकण्याआधी शुद्धलेखन कोण तपासतं? अनुभव सांगा

डिचोलीची आत्या
पुतण्याने देवस्थानच्या जत्रेचं पान बनवलंय. 'आत्या, टाकण्याआधी नजर घाल' म्हणाला आणि बाबांचा छापखाना आठवला. गॅलीप्रूफ, म्हणजे छपाईआधीचा तपासायचा कच्चा छाप, आलं की दोघे समोरासमोर बसत. एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, अगदी 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद'सकट, आणि बाबा प्रुफावर बोट फिरवत जायचे. आकडे सुटे सुटे: 'एक, नऊ, सहा, एक'. पुतण्या म्हणे, संगणकाची लाल रेघ कुठेच नाही, कशाला वाचायचं? रेघ नव्हती खरी, पण 'वर्धापन दीन' होता! 'दीन'ही शब्दच, मग यंत्र कशाला तोंड उघडेल? तुमच्याकडे कसं चालतं?

माई_काणकोण
आर्शिवाद!!! बॅनरवर, पत्रिकेत, सगळीकडे आर्शिवाद. मी सांगणं सोडलंय. कुकर झाला, येते नंतर

फोंडेकर
आमच्याकडे उलट, लाल रेघाच रेघा. माटोळी (गणपतीवर टांगतो ती फळापानांची) चूक, शिगमो (आपला शिमगा) चूक, निम्म्या गावांची नावं चूक. एकदाचे शब्दकोशात घालून टाकले, आता शांतता. फक्त घालताना डोळे उघडे ठेवा, चुकीचा शब्द आत गेला की तो कायमचा बरोबर.

सांजवेळ
मी कचेरीत कोकणी आणि मराठी दोन्ही पानं बघते. १९८७च्या कायद्याने राजभाषा कोकणी, मराठीही सरकारी कामाला चालते, त्यामुळे एकाच नोटिशीची दोन रूपं. कोकणीत 'केलें, आयलें' टिंबाशिवाय होत नाही. मराठीतली न उच्चारली जाणारी टिंबं १९६२च्या नियमांनी गेली. दोन्ही एका बैठकीत तपासलं की मराठीच्या डोक्यावर टिंबं उगवतात. म्हणून मराठी सकाळी, कोकणी जेवून आल्यावर. मध्ये बांगड्याची कढी लागतेच.

फोंडेकर
@सांजवेळ टिंबं गेली म्हणता, मग आम्ही इथे 'केलं, टाकलं' लिहितो त्याचं काय हो?

सांजवेळ
ते बोलण्यातलं, ते चालतं. नोटिशीत 'केले'च. आता तुम्ही माझी परीक्षा घेऊ नका 😄

जुना_टंकलेखक
जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर आधी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार बघा. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. बदलणारं सॉफ्टवेअर तिथेच घसरतं. 'कार्यक्रम'चा रफार शेजारच्या घरी जाऊन बसलेला असतो. जोडाक्षर असलं तर विचारूच नका.

डिचोलीची आत्या
अगदी! जुन्या स्मरणिकेतून उचललेल्या परिच्छेदात हेच झालंय, मी पुतण्याला बोल लावत होते. बघते. वीज जातेय येतेय इथे.

माई_काणकोण
आले. आत्या, छापखाना कुठे होता, म्हापशात का? आमच्या लग्नाची पत्रिका तिकडचीच. त्यात मामांचं नावच गळलं होतं, ते वरातीत बोलले नाहीत कोणाशी

डिचोलीची आत्या
म्हापशातच. पण मामांचं आमच्या माथी मारू नको गो 😂

माई_काणकोण
नाही गो. बरं, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात कोण जातंय? माटोळीला कांगलां आली असतील तर माझ्यासाठीही घ्या, पैसे देते

फोंडेकर
मी जातोय. घागऱ्यो पण हव्यात का?