मदत हवी आहे: नारुतोचे फिलर (मूळ गोष्टीत नसलेले, भरीचे) भाग बघू की सोडू?

मंडळी, धाकट्या भावासोबत नारुतो ही जपानी ॲनिमे (कार्टून) सिरीज बघतेय, २००२ ते २००७ वाली पहिली सिरीज, २२० भागांची. झाबुझा मरताना बर्फ पडायला लागतो आणि तो त्याचा साथीदार हाकूच्या शेजारी पडून त्याच्याकडे बघत राहतो ना, तिथे आम्ही दोघंही ढसाढसा रडलो, व्हिलनवर असा जीव जडवणं सोपं नाहीये. पण तेच तेच फ्लॅशबॅक किती वेळा दाखवतात, वैताग येतो! आता १३५ व्या भागापर्यंत आलोय आणि पुढे सिरीज मांगाच्या (मूळ जपानी कॉमिकच्या) गोष्टीला गाठत आली होती म्हणून २१९ पर्यंत जवळपास सगळं फिलरच आहे. भाऊ म्हणतो एकही सोडायचा नाही. थेट शिप्पुदेन (पुढची सिरीज) लावू, की यातले काही भाग खरंच बघण्यासारखे आहेत? नंबर सांगा प्लीज, स्पॉयलर नको.