पृथ्वी तापते की तापवली जाते?

हवामानविषयक मजकूर मराठीत आणताना एका वाक्यावर दोन दिवस अडून बसले, म्हणून प्रश्न इथे मांडते आहे.

वाक्य आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालातलं. धोरणकर्त्यांसाठी जो सारांश काढतात, त्यातलं पहिलंच विधान. माझा पहिला खर्डा असा होता: ‘मानवी प्रभावामुळे वातावरण, महासागर व जमीन यांच्या तापमानात वाढ झाली आहे, हे निर्विवाद आहे.’ वाचायला गुळगुळीत, व्याकरण चोख, कुठेही खपून जाईल. पण मूळ इंग्रजी पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की तिथे ‘वाढ झाली’ असं काही नाहीच. तिथलं क्रियापद सकर्मक आहे. मानवी प्रभावाने वातावरण, समुद्र आणि जमीन तापवली आहे. या सारांशाच्या एकेका ओळीला सरकारी प्रतिनिधी मान्यता देतात. इतक्या घासाघाशीतून जो कर्ता वाक्यात टिकला, त्याला मी एका ‘मुळे’ने बाजूला सारलं आणि ‘वाढ झाली’ म्हणून सगळी क्रिया आपोआप घडल्यासारखी करून टाकली.

यात मराठीला दोष देता येत नाही. आपल्याकडे जोड्या तयार आहेत: तापणे-तापवणे, वितळणे-वितळवणे, सुकणे-सुकवणे, बुडणे-बुडवणे. ‘पाणी तापलं’ आणि ‘पाणी तापवलं’ यांत फरक एका ‘व’चा, पण दुसऱ्या वाक्यात कुणीतरी विस्तव पेटवलेला असतो. ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने मे २०१९ मध्ये आपल्या लेखनाच्या नियमांत ‘ग्लोबल वॉर्मिंग’ऐवजी ‘ग्लोबल हीटिंग’ला पसंती दिली. वॉर्मिंगमध्ये ऊब आहे, धग नाही. त्यांना शब्दच बदलावा लागला. आपलं काम एका अक्षराने होतं. तरी बातम्या वाचा. तापमान वाढतं, हिमनद्या वितळतात, समुद्राची पातळी चढते, जंगलं पेटतात. सगळं आपलं आपणच.

‘हवामान बदल’ या शब्दाबद्दलही मनात बरेच दिवस आहे. हवामान म्हणजे हवेचं मान. तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान यांतलंच ते मान. पण आज बाहेर काय आहे तेही हवामान आणि अनेक वर्षांच्या नोंदींतून जे निघतं तेही हवामान. जागतिक हवामान संघटना या दुसऱ्या अर्थासाठी साधारण तीस वर्षांचा काळ धरते. एखादा आठवडा गार गेला की ‘कुठे गेली तुमची तापमानवाढ?’ हा प्रश्न मराठीत चटकन येतो, कारण शब्दानेच गल्लत करून ठेवली आहे. ‘जलवायू’ शास्त्राच्या पुस्तकांत सापडतो, पण बोलण्यात रुजला नाही आणि आता तो हिंदीतून आल्यासारखा वाटतो.

आणि ‘बदल’? बदल म्हणून आपण चार दिवस फिरून येतो. आजारपणातून उठलेल्या माणसाला हवापालट करायला पाठवतो. गाव सोडायला लावणाऱ्या दुष्काळाला आणि पुरालाही तोच मवाळ शब्द लावायचा? मला ‘हवामान बिघाड’ जवळचा वाटतो, कारण बिघडण्याला बिघडवणं चिकटून येतं. पण रुळलेला शब्द मोडण्याइतका तो चांगला आहे का, सांगा. आणि ‘तापवली आहे’ असं लिहिलं तर वाचकाला ती घोषणा वाटेल का?

*

प्रतिसाद: घोषणा वाटणार नाही, बेलाशक लिहा. ‘हवामान बदल’ मात्र राहू द्या. लोकांना आत्ता कुठे तो शब्द कळायला लागला आहे, करारांत आणि कायद्यांत तोच आहे. तो काढला तर जुनं-नवं जुळवणं अवघड होईल.

फक्त एक अडचण आहे. कर्ता आणायचाच तर ‘मानवी प्रभाव’ हा कर्तासुद्धा धूसर आहे. कोणत्या माणसाने तापवली? ज्याच्या घरी अजून वीज पोचलेली नाही त्याने, की ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळून आपले देश उभे केले त्यांनी? १९९२ च्या रिओ परिषदेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत, हा फरक शब्दांत बसवला गेला: ‘सामाईक पण वेगवेगळ्या जबाबदाऱ्या’. मराठीत हे वाचताना ‘सामाईक’ आधी येतं आणि ठसतं. ‘पण’च्या पुढचं वाचेपर्यंत लक्ष उडालेलं असतं. मी ‘जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे’ असं लिहितो. तांत्रिकदृष्ट्या ते थोडं सैल आहे, कळतं मात्र लगेच.

*

प्रतिसाद: मी विज्ञान शिकवते. वर्गात एका मुलीने विचारलेला प्रश्न सांगते: ‘हरित ऊर्जा चांगली, हरित इमारत चांगली, मग हरितगृह वायू वाईट कसे?’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. आपणच एका ‘हरित’ला दोन उलट कामांवर लावलं आहे.

शिवाय उपमाही लंगडी आहे. काचेचं घर तापतं ते मुख्यतः आतली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही म्हणून. वातावरणात होतं ते वेगळं: जमिनीतून वर निघालेले अवरक्त किरण हे वायू शोषतात आणि त्यातली काही उष्णता खाली परत पाठवतात. मी आता ‘उष्णता अडवणारे वायू’ म्हणते आणि पांघरुणाचं उदाहरण देते. हे पांघरूण नसतं तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. ते आहे म्हणून १५ अंशांच्या जवळ आहे. म्हणजे पांघरूण वाईट नाही, ते जाड करत जाणं वाईट. असं सांगितलं की ‘जाड कोण करतंय?’ हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात. तुमचा कर्ता तिथे आपसूक येतो.

असे वायू हवेत सोडण्याला जे ‘उत्सर्जन’ म्हणतात, त्याऐवजीही काही सुचवा. मुलांना त्यावरून आधी मूत्रपिंडंच आठवतात, कारण उत्सर्जन संस्था त्यांनी नुकतीच शिकलेली असते.

*

प्रतिसाद: हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून ‘निव्वळ शून्य’बद्दल लिहितो. ताळेबंदात निव्वळ म्हणजे वजावट करून उरलेलं. निव्वळ नफा, निव्वळ मालमत्ता. पण बोलण्यात निव्वळ म्हणजे केवळ, शुद्ध, दुसरं काही नाही असं: निव्वळ थाप, निव्वळ वेळेचा अपव्यय. त्यामुळे ‘अमुक सालापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन’ ऐकणाऱ्याला वाटतं, तोवर धूर पूर्ण थांबणार. म्हणणाऱ्याचा अर्थ वेगळा असतो: सोडतच राहू, पण तेवढंच कुठेतरी शोषलं जाईल. पॅरिस हवामान कराराच्या चौथ्या कलमातही गाठायचं आहे ते संतुलन. एका बाजूला उत्सर्जन, दुसऱ्या बाजूला शोषण. एकाच शब्दातून ऐकणारा आणि सांगणारा दोन टोकांना जातात आणि दोघांनाही वाटतं की आपलं एकमत झालं.

माझी सूचना ‘वजाजाता शून्य’. खर्च वजा जाता उरलं काय, असं आपण नेहमी म्हणतो. वजाजाता म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारतोच: काय वजा केलं? किती? झाडं लावली म्हणून वजा केलं असेल, तर ती झाडं जगली का? ‘निव्वळ’ ऐकून हे प्रश्न सुचत नाहीत.

*

मूळ लेखिका: ‘वजाजाता शून्य’ मी आजपासून वापरणार.

सर्वांची की कुणाची, या मुद्द्यावरून एक जोडशब्द आठवला, त्यावर जरा थांबते. ‘लॉस अँड डॅमेज’, हवामान बदलाने जे गमावलं जातं त्यासाठीचा. मराठीत ‘हानी आणि नुकसान’ असं उतरवतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, एकच गोष्ट दोनदा सांगितली. आंतरराष्ट्रीय चर्चांत साधारण असा भेद करतात: जे परत येणार नाही ते लॉस, जे दुरुस्त होऊ शकतं ते डॅमेज. गंमत नाही, पण मराठीच्या वापरात हा भेद आधीपासून दडलेला आहे. आपण जीवितहानी म्हणतो, ‘जीवितनुकसान’ कुणी म्हणत नाही. आणि भरपाई जोडली जाते ती नुकसानाला: नुकसानभरपाई. ‘वित्तहानी’ हा अपवाद आहे, हे मान्य. तरी कानाला फरक कळतो. म्हणून ही जोडी निरर्थक नाही. हानी म्हणजे बुडालेलं बेट, नुकसान म्हणजे पडलेलं घर, असं एकदा समजावलं की ती उभी राहते.

पण इथेच मोठी चूक होते. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत या कामासाठी निधी उभारायचं ठरलं, तेव्हा ‘नुकसानभरपाई निधी’ हा शब्द मीही एका टिपणात लिहून गेले होते. हाताला सवयीचा शब्द. प्रत्यक्षात पॅरिस करार स्वीकारणाऱ्या २०१५ च्या ठरावात स्पष्ट नोंद आहे की कराराच्या आठव्या कलमातून उत्तरदायित्व किंवा भरपाईचा आधार निर्माण होत नाही. म्हणजे श्रीमंत देशांनी जो एक शब्द आग्रहाने बाहेर ठेवला, तो भाषांतरात आम्ही परत आत आणला. वाचकाला वाटलं, त्यांनी चूक कबूल केली. तशी कबुली कुणी दिलेली नाही. मला ती हवी आहे; पण हवी आहे म्हणून मिळाल्यासारखं लिहिता येत नाही. आता ‘हानी-नुकसान निधी’ एवढंच लिहिते.

‘अनुकूलन’, म्हणजे बदललेल्या हवामानात तग धरण्याची तयारी, याऐवजी ‘जुळवून घेणे’ लिहा असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. सोपं आहे, पण ते लिहिताना माझा हात अडतो. ‘जुळवून घे’ हे आपण नेहमी कुणाला सांगतो ते आठवून पाहा. ज्याचं चालत नाही त्याला.

*

प्रतिसाद: जरा वेगळं मत. प्रत्येक शब्दात कर्ता शोधू नका. काही ठिकाणी साधा नेमकेपणाच हरवलेला आहे, तो आधी सावरू या. ऊर्जेच्या बातम्या घ्या. ‘देशाची निम्मी ऊर्जा आता अक्षय’ असा मथळा येतो आणि आत वाचावं तर ती निम्मी वीज असते. जगात शेवटी वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेत विजेचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. बाकी वाहनांतलं तेल, भट्ट्या, घरं गरम ठेवण्याचं इंधन. कधी तर ती वीजसुद्धा नसते, नुसती स्थापित क्षमता असते. मेगावॅट म्हणजे किती देऊ शकेल ते; प्रत्यक्षात किती दिली ते युनिटमध्ये. सौर पॅनेल रात्री शून्य देतं, त्यामुळे निम्मी क्षमता म्हणजे निम्मी वीज नव्हे.

स्वच्छ आणि अक्षय हेही समानार्थी नाहीत. अणुवीज करताना कार्बन डायऑक्साइड निघत नाही, पण युरेनियम संपणारं आहे. लाकूड पुन्हा वाढतं, पण जाळलं की धूर होतोच. आणि शब्दाच्या व्याख्येवर पैसा फिरतो. युरोपीय संघाने २०२२ मध्ये काही अटींवर नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जा यांना शाश्वत गुंतवणुकीच्या यादीत जागा दिली, त्यावरून केवढा वाद झाला.

‘अपारंपरिक ऊर्जा’ हा शब्द मात्र कायमचा सोडावा. शिडाची जहाजं आणि पवनचक्क्या दगडी कोळशाच्या कारखान्यांच्या कितीतरी आधीच्या. परंपरा असेल तर ती वाऱ्याची. ‘नूतनीकरणक्षम’वरून परवाना आठवतो आणि ‘पुनर्नवीकरणीय’ म्हणजे पुन्हा पुन्हा नवं. आपल्याकडे पुनर्नवा नावाची वनस्पती आहे. उन्हाळ्यात वाळते, पाऊस आला की मुळापासून नवी होते. ‘पुनर्नवा ऊर्जा’ कसं वाटतं?

*

मूळ लेखिका: फार सुंदर. ‘अक्षय’मध्ये कधीच न संपण्याचा दावा आहे, पुनर्नवात परत येण्याचा, आणि वारा-ऊन खरोखर तसेच येतात. नेमकेपणाचं म्हणणंही मान्य. ‘तापमान १.५ अंशांपर्यंत रोखायचं’ हे वाक्य रोज छापून येतं. तापमान नव्हे, वाढ. तीही १८५०-१९०० च्या सरासरीच्या तुलनेत.

कर्त्याचा शोध मात्र सोडवत नाही, कारण तो दुसऱ्या बाजूलाही हरवतो. आवाज उठवणाऱ्यांना आपण ‘पर्यावरणप्रेमी’ म्हणतो. स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून जास्त वयस्क स्त्रिया एकत्र आल्या. वाढत्या उष्णतेच्या लाटा आपल्या जिवावर उठल्या आहेत आणि सरकार पुरेसं करत नाही, असं त्यांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मांडलं. ९ एप्रिल २०२४ ला त्यांच्या संघटनेच्या बाजूने निकाल लागला. यात प्रेम कुठे आहे? त्या हक्क मागत होत्या. प्रेमी म्हटलं की तो छंद होतो, पक्षी पाहण्यासारखा. त्यांना ‘अर्जदार’ म्हणा, ‘नागरिक’ म्हणा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ग्रेटा थुनबर्ग ही शाळकरी मुलगी स्वीडनच्या संसदेबाहेर फलक घेऊन बसली, त्या फलकावरचा शब्द ‘संप’ होता, शाळेचा संप. ‘अनोखा उपक्रम’ असं त्याचं मराठी होत नाही.

*

प्रतिसाद: ‘नैसर्गिक आपत्ती’ राहिलं. आपल्याकडे आस्मानी आणि सुलतानी हा भेद जुना आहे: एक वरून कोसळतं, दुसरं सत्ता लादते. जून २०२१ मध्ये कॅनडातल्या लिटन गावात पारा ४९.६ अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी गाव वणव्यात जळालं. त्या लाटेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की माणसाने तापवलेलं हवामान नसतं, तर अशी लाट येणं जवळजवळ अशक्य होतं. तिला आस्मानी म्हणायचं की सुलतानी? मला वाटतं, आता दोन्ही शब्द जोडूनच लिहावे लागतील.

*

मूळ लेखिका: जोडूनच लिहू या.

आता एकच शब्द अडला आहे, त्यावर मदत हवी. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत ठरावातल्या कोळशाबद्दलच्या वाक्यात शेवटच्या क्षणी ‘टप्प्याटप्प्याने बंद’चं ‘टप्प्याटप्प्याने कमी’ झालं, तो बदल सगळ्यांना आठवतो. पण त्याच वाक्यात कोळशाच्या विजेमागे ‘अनअबेटेड’ असं विशेषण आहे. अर्थ असा की, निघणारा कार्बन न पकडता केलेली वीज. पकडणारी असेल तर हे वाक्य तिला लागू नाही. ‘अनिर्बंध’ लिहिलं तर परवान्याविना असं वाटतं, ‘अनियंत्रित’ लिहिलं तर आग लागल्यासारखं. सध्या ‘धूर मोकळा सोडणारी कोळशाची वीज’ असं लिहून ठेवलं आहे. लांब आहे, आणि कार्बन डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा ‘धूर’ही बरोबर नाही. पण ‘सोडणारी’ मला राखायचं आहे. कुणाला काही सुचतं का?