२०२८ची डेमोक्रॅटिक उमेदवारी: आधी नाव ठरवावे की आधी लढत होऊ द्यावी?

धागाकर्ता: पाणवठा

डेमोक्रॅटिक पक्षाने २०२८च्या अध्यक्षीय निवडणुकीत कोणाला उभे करावे, हा विषय निघाला की बोलणे लगेच नावांवर येते. कॅलिफोर्नियाचे गॅव्हिन न्यूसम, पेनसिल्व्हेनियाचे जॉश शपिरो, मिशिगनच्या ग्रेचेन व्हिटमर, केंटकीचे अँडी बशीर, पीट बुटीजज, पुन्हा कमला हॅरिस. नावांना तोटा नाही. मला त्याआधीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. पक्षातील ज्येष्ठांनी आणि मोठ्या देणगीदारांनी या वेळी कोणासाठीही मैदान मोकळे करून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आपल्याकडे एबी फॉर्म कोणाच्या हाती पडणार हे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि त्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यात काही वावगे वाटत नाही. अमेरिकेतही १९६८पर्यंत बरेचसे असेच चालत असे. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी (उमेदवार निवडण्यासाठीचे राज्यातले पक्षीय मतदान) न लढवता शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळवली, बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि नोव्हेंबरमध्ये निक्सन निवडून आले. त्यानंतर पक्षाने नियम बदलले आणि १९७२पासून उमेदवारीचा निर्णय मुख्यतः मतदारांच्या हाती आला.

२०२४मध्ये हा हक्क कागदावर राहिला. बायडेन यांच्यासमोर एकही वजनदार नेता उभा राहिला नाही. मिनेसोटाचे खासदार डीन फिलिप्स यांनी वयाचा प्रश्न उघडपणे मांडला, पण पक्षात त्यांना कोणी जवळ केले नाही आणि पक्षाने उमेदवारांमध्ये एकही जाहीर वादविवाद ठेवला नाही. त्यामुळे वयाबद्दल जे जानेवारीत दिसायला हवे होते, ते २७ जूनला अटलांटात ट्रम्प यांच्याशी झालेल्या वादविवादात साऱ्या देशासमोर आले. २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदानाने हॅरिस उमेदवार झाल्या. २०२०च्या शर्यतीतून त्या डिसेंबर २०१९मध्येच, म्हणजे पहिले मत पडण्याआधी, बाहेर पडल्या होत्या. अध्यक्षपदासाठी त्यांची परीक्षा कोणत्याही राज्याच्या प्रायमरीत झालेली नव्हती. हा दोष त्यांचा नाही, त्यांना ती संधीच मिळाली नाही. निकाल ट्रम्प यांच्या बाजूने ३१२ विरुद्ध २२६ निर्वाचक मतांनी लागला.

याउलट २००८ पाहा. ओबामा आणि हिलरी क्लिंटन जानेवारीपासून जूनपर्यंत झुंजले. ओबामांचे धर्मगुरू जेरेमाया राइट यांच्या प्रवचनांवरून वादळ उठले ते मार्चमध्ये, आणि ओबामांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात वंशाच्या प्रश्नावर भाषण करून त्याला सामोरे जाण्याची हिंमत दाखवली. तेच प्रकरण ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा बाहेर आले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा.

प्रतिसाद: उत्तरायण

आपल्या कळकळीचा आदर ठेवून असहमती नोंदवतो. आपण २००८ घेतले. मी १९८० घेतो. टेड केनेडी यांनी पदावर असलेल्या कार्टर यांच्याशी थेट न्यूयॉर्कच्या अधिवेशनापर्यंत लढा दिला, पक्ष दुभंगलेल्या अवस्थेत निवडणुकीला गेला आणि रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली. १९७२ तर आपल्याच मुद्द्याच्या मुळावर येते. नव्या नियमांनी, मतदारांच्या कौलाने पुढे आलेले मॅकगव्हर्न मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन एवढेच जिंकू शकले. प्रायमरीत येणारा मतदार पक्षाचा कडवा समर्थक असतो आणि नोव्हेंबरमध्ये पारडे फिरवणारा मतदार वेगळाच असतो, ही गोष्ट पक्षाने तेव्हा मोठी किंमत देऊन शिकली. जाणत्या लोकप्रतिनिधींना अधिवेशनात मत देणारी सुपरडेलिगेटची व्यवस्था १९८४साठी आणली गेली ती उगाच नव्हे, जरी २०१८मध्ये तिचे दात बरेचसे काढून घेतले गेले.

२०२०मध्ये तर जाणत्यांनीच पक्ष सावरला. बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. साउथ कॅरोलिनात तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी पाठिंबा दिला, २९ फेब्रुवारीला बायडेन मोठ्या फरकाने जिंकले, पुढच्या दोन दिवसांत बुटीजज आणि एमी क्लोबुचर यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला आणि ३ मार्चला मतदान झालेल्या चौदापैकी दहा राज्ये त्यांच्या पदरात पडली. हेही मैदान मोकळे करून देणेच होते.

२०२४बद्दल एवढेच म्हणेन की माघारीपासून मतदानापर्यंत १०७ दिवस उरले होते. बायडेन-हॅरिस यांच्या नावे जमलेला निधी सरळ वापरता येण्यासारखा होता तो हॅरिस यांनाच. त्या वेळी पन्नास राज्यांत नवी स्पर्धा कोणी, कोणत्या यंत्रणेने घेतली असती?

प्रतिसाद: ओलीवाट

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. लढत हवी, पण कोणतीही लढत ही परीक्षा होत नाही. ३ फेब्रुवारी २०२०ला मी आयोवात एका शाळेच्या व्यायामशाळेत कॉकस, म्हणजे उमेदवार निवडण्याची पक्षाची सभा, पाहायला गेले होते. मला तेव्हा नागरिकत्व मिळालेले नव्हते, म्हणून कडेच्या बाकावर बसले. भिंतींवर उमेदवारांच्या नावांचे कागद चिकटवलेले होते आणि माणसे आपापल्या कागदाखाली जाऊन उभी राहत होती. मग डोकी मोजली. ज्या गटात उपस्थितांपैकी पंधरा टक्के लोक नव्हते, त्यांना दुसऱ्या गटात जाण्याची मुभा मिळाली आणि लगेच चारी बाजूंनी त्यांची मनधरणी सुरू झाली. आमच्या गल्लीतल्या एक आजी क्लोबुचर यांच्या गटात होत्या. दोन तरुण मुले त्यांच्याशी इतक्या आदराने आणि चिकाटीने बोलत होती की मला लोकशाहीचे खरोखर अप्रूप वाटले.

मात्र त्याच सभागृहात माझी परिचारिका मैत्रीण नव्हती, कारण तिची रात्रपाळी होती. तान्ह्या मुलांच्या आया जेमतेम दिसत होत्या. संध्याकाळी सात वाजता, कडाक्याच्या थंडीत, एकाच ठिकाणी तास-दोन तास उभे राहू शकणाऱ्यांचीच ती निवड होती. नंतर मोजणीचे अ‍ॅप कोलमडले आणि निकाल कित्येक दिवस रखडला. २०२४साठी पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला, तो निर्णय मला मनापासून पटतो. उमेदवार कोण होणार हे पुष्कळदा कोणते राज्य आधी बोलणार यावर ठरते आणि ती रांग लावतात ते पक्षाचे पदाधिकारीच. तेव्हा पाणवठा म्हणतात तशी खुली लढत मुळात कधी नसतेच.

प्रतिसाद: तिठा

मी मिशिगनमध्ये राहतो, त्यामुळे मराठी माणसाचेच उदाहरण देतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८मध्ये इथे गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले. स्वतःचे कोट्यवधी डॉलर खर्चूनही ते तिसरे आले आणि व्हिटमर जिंकल्या. इथपर्यंत पाणवठा यांचा मुद्दा खरा ठरतो, कारण खुल्या लढतीत नुसता पैसा पुरला नाही. पण २०२२मध्ये डेट्रॉइटच्या काँग्रेस (अमेरिकी संसद) मतदारसंघात गर्दी झाली, मते फुटली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर विजयी ठरले. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या त्या शहराला जवळपास सत्तर वर्षांत प्रथमच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. आपला माणूस निवडून आल्याचा मला आनंद झाला, पण शेजारच्या घरातली हळहळही मी जवळून पाहिली आणि ती मला रास्त वाटली. २०२८मध्ये दहा-बारा जण उतरले, तर देशपातळीवर हेच होणार नाही कशावरून?

पाणवठा

तिठा यांचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्यावर उपाय लढत टाळणे हा नसून मोजणी बदलणे हा आहे. २०२०मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगमधील डेमोक्रॅटिक प्रायमरींत मतदारांनी पसंतीक्रम दिले आणि मागे पडलेल्यांची मते पुढच्या पसंतीला गेली. हे अधिक राज्यांनी करावे. त्याने ओलीवाट यांच्या परिचारिकेचाही प्रश्न सुटतो, कारण व्यायामशाळेत जे चालत फिरून होत होते, ते घरी बसून कागदावर करता येते.

उत्तरायण यांना एकच सांगायचे आहे. क्लायबर्न यांच्या पाठिंब्याला वजन आले ते दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांमुळे नव्हे, तर २९ फेब्रुवारीला लाखो लोक मतदानाला गेले म्हणून. जाणत्यांनी सल्ला दिला, निर्णय मतदारांनी घेतला. २०२४मध्ये यातला दुसरा भाग गळला. १०७ दिवसांत स्पर्धा शक्य नव्हती हे मान्य. ती त्याआधीच्या वर्षभरात व्हायला हवी होती, एवढेच माझे म्हणणे आहे.

उत्तरायण

सल्ला आणि निर्णय यांतला फरक मान्य करतो. तरीही मला नाव सांगायचेच झाले तर मी बशीर यांचे घेईन. २०२०मध्ये ट्रम्प यांनी जे राज्य सुमारे २६ टक्क्यांच्या फरकाने जिंकले, तिथे २०२३मध्ये ते पाच टक्क्यांनी पुन्हा गव्हर्नर झाले. कार्टर आणि क्लिंटन हेही दक्षिणेकडचे गव्हर्नरच होते. असा माणूस हाताशी असताना पक्षाने वर्षभर आपसांत चिखलफेक करावी, हे मला पटत नाही.

पाणवठा

बशीर मलाही आवडतात. पण केंटकीत कृष्णवर्णीय लोकसंख्या दहा टक्क्यांच्या आत आहे आणि साउथ कॅरोलिनाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत निम्म्याहून अधिक मतदार कृष्णवर्णीय असतात. २०२०मध्ये आयोवात आघाडीवर राहिलेले बुटीजज तिथेच अडले होते. बशीर यांनी तिथल्या चार्ल्सटन शहरातल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी उभे राहून मते मागावीत आणि लोकांनी प्रश्न विचारावेत. त्यांना ती मते मिळाली, तर मीही त्यांच्याच बाजूने लिहीन.