ई220 (डब्ल्यू124, 1996): पंप बदलूनही घाटात पेट्रोल कमी पडते, निदान कोठून सुरू करावे?

पुणे_डब्ल्यू124 (मूळ प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 1996 सालची पेट्रोलवरची मर्सिडीज ई220 आहे (डब्ल्यू124 हे या मॉडेलचे कंपनीतले सांकेतिक नाव), म्हणजे 1995 पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात जोडल्या गेलेल्या मालिकेतली. गाडी वडिलांनी घेतलेली असून बॉडी, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्रास आहे तो फक्त इंधनपुरवठ्याचा, आणि दुरुस्ती करून घेतली तरी काही महिन्यांनी तो पुन्हा डोके वर काढतो.

शहरात गाडी उत्तम चालते. साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या चढावर मात्र पिकअप हळूहळू पडू लागतो, मागच्या चाकाजवळून पंपाचा बारीक, किंचाळल्यासारखा आवाज वाढत जातो आणि शेवटी गाडी बाजूला घ्यावी लागते. दहा-पंधरा मिनिटे थांबले की काहीच झाले नव्हते अशा थाटात ती पुन्हा चढू लागते. याशिवाय आणखी एक तक्रार आहे. गरम इंजिन बंद करून अर्धा तास उभे ठेवले, तर नंतर बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. पहाटे थंड इंजिन मात्र पहिल्या झटक्यात सुरू होते.

आतापर्यंत पंप, फिल्टर आणि पंपाचा रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) बदलून झाले आहेत, पंप तर एकाहून अधिक वेळा. दर वेळी काही आठवडे बरे जातात. आता वर्कशॉपचे म्हणणे असे आहे की चारही इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) आणि जमल्यास इंजिन कंट्रोल युनिटही बदलावे. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे क्रमाने कसे शोधावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कऱ्हाड_गॅरेज

साहेब, इंजेक्टर आणि कंट्रोल युनिट यांना तूर्त हात लावू देऊ नका. आपण सांगितलेली लक्षणे एकाच दोषाची नसून दोन वेगळ्या दोषांची आहेत, असे माझे मत आहे, आणि ती एकत्र मोजली गेल्यामुळेच आजवरची दुरुस्ती टिकलेली नाही.

घाटातील तक्रार आधी घेऊ. या गाडीचा पंप टाकीच्या आत नसून गाडीच्या खाली आहे. तो पेट्रोल ढकलण्यासाठी बनवलेला आहे, ओढण्याच्या बाबतीत तो कमकुवत असतो. टाकीच्या तळाशी, पेट्रोल बाहेर पडते त्या तोंडावर, एक जाळी बसवलेली असते, तिच्यानंतर पंप येतो आणि आपण बदलता तो फिल्टर पंपाच्याही पुढे असतो. त्यामुळे जाळी चोंदली तर नवीन फिल्टरचा काही उपयोग होत नाही. पंपाला पेट्रोल पुरत नाही, तो आवाज करू लागतो, आणि त्याचे वंगण व थंडावा दोन्ही पेट्रोलवरच अवलंबून असल्यामुळे नवा पंपसुद्धा लवकर खराब होतो. थांबल्यावर गाडी पुन्हा चालते, कारण ओढ थांबली की जाळीवर चिकटलेला गाळ सुटून खाली बसतो.

तरीही माझ्या अंदाजावर जाळी काढू नका, आधी मोजा. इंधन रेलवरच्या (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीवरच्या) तपासणी-व्हॉल्व्हला प्रेशर गेज लावावा. आयडलिंगला रेग्युलेटरची (इंधनाचा दाब नेमका ठेवणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी जोडलेली असताना साधारण 3.2 ते 3.6 बार आणि नळी काढल्यावर 3.7 ते 4.2 बार दाब दिसला पाहिजे. मात्र वर्कशॉपमध्ये उभ्या गाडीवर हे आकडे बरोबर येण्याचीच शक्यता जास्त आहे, कारण आयडलिंगला पेट्रोल लागतेच किती? खरी परीक्षा चढावर होते. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) व्हॅक्यूम कमी होतो, म्हणून गेजचा काटा 4 बारकडे सरकला पाहिजे. तो वर जाण्याऐवजी खाली येत असेल, तर इंजेक्टर आणि कंट्रोल युनिट दोन्ही निर्दोष आहेत आणि पेट्रोल मागेच अडते आहे. लांब, खात्रीची होज लावून गेज बॉनेटच्या बाहेर, काचेवर नीट बांधावा, वाचण्यासाठी शेजारी दुसरा माणूस बसवावा आणि गाडीत अग्निशामक ठेवावा. सांध्यातून एक थेंबही गळत असेल, तर चाचणी करू नये.

आता गरम इंजिनची तक्रार. गाडी बंद केल्यावर त्याच गेजवर लक्ष ठेवा. दाब पटकन उतरत असेल, तर तो तीन वाटांनी जाऊ शकतो: पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे परतू न देणारी झडप), प्रेशर रेग्युलेटर किंवा ठिबकणारा इंजेक्टर. गाडी पुन्हा सुरू करून दाब भरून घ्या आणि बंद करताक्षणी मऊ जबड्याच्या चिमट्याने आधी परतीची रबरी होज दाबून पाहा. दाब टिकला तर दोष रेग्युलेटरचा. टिकला नाही तर पुढच्या खेपेस पुरवठ्याची होज दाबा. आता टिकला तर पंपाचा व्हॉल्व्ह. दोन्ही होज दाबूनही उतरत असेल, तरच इंजेक्टरचा विचार करावा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तिच्यात पेट्रोलचा वास किंवा ओल आहे का, हे तर हत्यार न लावताही कळते. प्लॅस्टिकच्या नळीला चिमटा लावू नये, ती तडकते.

नाशिक_इलेक्ट्रिकल

वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात एका मोजमापाची भर घालतो, कारण पेट्रोल मागे अडणे आणि पंपाला वीज कमी मिळणे ही दोन्ही कारणे गेजवर सारखीच दिसतात.

घाटात गेज वाचत असतानाच पंपाच्या दोन टर्मिनलांवर, म्हणजे थेट पंपापाशी, व्होल्टमीटर जोडलेला असावा. त्याच्या वायरी केबिनमध्ये आणता येतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 व्होल्ट असतील आणि पंपावर 11 च मिळत असतील, तर मधले व्होल्ट रिलेच्या संपर्कबिंदूंत, फ्यूजच्या काळवंडलेल्या क्लिपमध्ये किंवा मागच्या अर्थिंगमध्ये खर्च होत आहेत असे समजावे. रिले नवा असला तरी त्याचा सॉकेट तीस वर्षांचा आहे, हे आपल्याकडे हमखास विसरले जाते. नुसते कनेक्शन काढून, भार नसताना व्होल्ट मोजले तर ते नेहमी पूर्ण दिसतात आणि त्या मापाचा काही उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट अशी की, नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातील या मॉडेलांच्या इंजिन हार्नेसचे (वायरींच्या जुडग्याचे) इन्सुलेशन उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, हे सर्वज्ञात आहे. आपली गाडी 1996 ची असली तरी इंजेक्टरच्या प्लगपाशी रबरी टोपी मागे सरकवून वायर किंचित वाकवून पाहावी. तुकडे पडले, तर बाकीचे निदान करण्यापूर्वी हार्नेस बदलणेच योग्य ठरेल.

क्रँक सेन्सरबद्दलही (इंजिनचे फिरणे ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल) कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच लिहितो. तो गरम होऊन निकामी झाला तर इंजिन एकदम बंद पडते; पिकअप हळूहळू पडत नाही आणि पंपाचा आवाजही वाढत नाही. आपल्या वर्णनात ते बसत नाही.

ठाणे_रसायन

गाडी वर्षातून किती चालते आणि टाकी सहसा किती भरलेली असते, हेही सांगावे. माझा रोख गंजाकडे आहे.

पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पाणी शोषून घेते. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली, तर हवेतील बाष्प पेट्रोलमध्ये उतरते आणि प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, नेमका जाळीपाशी. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आपल्याकडे 2022 मध्ये 10 टक्क्यांवर आले आणि त्यानंतर 20 टक्क्यांपर्यंत गेले. ही गाडी त्या इंधनासाठी बनवलेली नाही. गंज आणि जुना चिकट थर सुटून वाहू लागण्याला त्यामुळे हातभार लागतो. तथापि सर्व दोष इथेनॉलच्या माथी मारणे मला पटत नाही, कारण उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या टाक्या त्याआधीही गंजत होत्या.

तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बरणीत काढून तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर प्रश्नच मिटला. रबरी होज बदलताना त्यांवर एसएई जे30आर9 (इंजेक्शनच्या गाड्यांच्या होजचे मानक) असे छापलेले आहे याची खात्री करावी; कार्ब्युरेटरच्या गाड्यांची साधी होज दिसायला तशीच असते, पण या दाबाला आणि या इंधनाला ती टिकत नाही.

पुणे_डब्ल्यू124

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले, ते खाली देत आहे.

उभ्या गाडीवर 3.4 बार आणि व्हॅक्यूम नळी काढल्यावर 4.0 बार. चढावर सुरुवातीला काटा 4 च्या जवळ गेला, नंतर पंपाचा आवाज वाढू लागला तसा खाली येत 2 बारच्याही खाली उतरला. त्या संपूर्ण वेळात पंपावर 13 व्होल्टच्या वर वीज मिळत होती. टाकीचे झाकण उघडून पाहिले, हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणजे टाकीची हवा कोंडलेली नसावी. हार्नेसच्या वायरी वाकवून पाहिल्या, त्या लवचिक आहेत.

त्यानंतर टाकी रिकामी करून जाळी काढून घेतली. जाळीच्या निम्म्याहून अधिक भागावर तपकिरी, ओल्या पिठासारखा थर होता. तो पांढऱ्या कापडावर वाळवून लोहचुंबक फिरवले, तेव्हा जवळजवळ सगळा चुंबकाला चिकटला. गाडी अलीकडची काही वर्षे फारच कमी चालली आणि टाकी बहुधा पाव भरलेली असायची, हेही खरे आहे.

गरम इंजिनच्या चाचणीत पुरवठ्याची होज दाबल्यावर दाब टिकला. वर्कशॉप आता टाकीला आतून रंगासारखा लेप द्यायचा सल्ला देत आहे. तो द्यावा का?

कऱ्हाड_गॅरेज

पुरवठ्याची होज दाबल्यावर दाब टिकला, म्हणजे पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. गाळ ओढून ओढून तो पंप आतून घासलाही असणार. पंप बदलावाच लागेल, पण टाकी स्वच्छ झाल्याशिवाय नवा पंप बसवू नका.

लेपाच्या बाबतीत माझा अनुभव चांगला नाही. आतला गंज पूर्ण निघाला नसेल तर लेपाचे पापुद्रे सुटतात आणि तेच जाळीत जाऊन बसतात. टाकी मागच्या सीटच्या पाठीमागून काढून घ्या, पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या गेजचा सेंडर बाहेर काढा आणि दिवा आत सोडण्याचा मोह न धरता आरशाने उजेड टाकून तळ पाहा. वरवरचा गंज असेल, तर रसायनाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, गरम हवेने पूर्ण सुकवून ती वापरता येते. शिवणीपाशी खड्डे पडलेले दिसले, तर दुसरी टाकीच शोधावी. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग कोणाकडूनही करून घेऊ नका, धुतलेल्या टाकीलासुद्धा नाही.

जोडणी करताना नवी जाळी, तिची नवी ओ-रिंग, टाकी ते पंप आणि पंप ते फिल्टर या दोन्ही नवीन होज, आणि फिल्टर बाणाची दिशा पाहून. पंप जोडण्यापूर्वी पुरवठ्याची नळी हवेने उलटी फुंकून घ्या, म्हणजे मधला गाळ निघून जाईल. सगळे बसल्यावर परतीची नळी मापाच्या डब्यात सोडून पंप चालवा. साधारण 35 ते 40 सेकंदांत लिटरभर पेट्रोल यायला हवे. पाचशे किलोमीटर झाल्यावर तो फिल्टर काढून, आत येणाऱ्या तोंडाकडचे पेट्रोल पांढऱ्या कापडावर ओता आणि काय निघाले ते येथे कळवा. इंजेक्टरचे पैसे तोवर राखून ठेवा.